आठ रविवार क्रियाविशेषणांचे : राजारामपुरीतील एका इंग्रजी वर्गाविषयी

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, मी गेली चौदा वर्षे ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार सांभाळतो. ड्रॉइंग मागवणे, पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात तो नमुना) कधी तयार होईल ते कळवणे, माल रिजेक्ट झाला तर दिलगिरी व्यक्त करणे आणि डिस्पॅचची तारीख देणे, एवढ्या चार विषयांवर माझे इंग्रजी आजवर चालत आले आणि ते बरे चालले आहे असा माझा समजही होता. तो समज मागच्या वर्षी एका परदेशी ग्राहकाच्या एका ओळीने मोडला. त्यांच्या एका अवघड नगासाठी आम्ही दोन वेळा पॅटर्न बदलला होता, रविवारीही भट्टी चालू ठेवली होती, आणि हे सगळे कष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचावेत म्हणून मी मोठ्या अभिमानाने लिहिले, 'वुई हॅव हार्डली वर्क्ड ऑन युवर ड्रॉइंग'. उत्तर आले, 'मग काम सुरू कधी करणार?' 'हार्ड'ला 'ली' जोडले की 'मेहनतीने' असा अर्थ होत नसून 'जेमतेम, जवळजवळ नाहीच' असा होतो, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी साहेबांच्या केबिनमध्ये उभे राहून समजले.

त्यानंतर एका सहकाऱ्याने राजारामपुरीतील या वर्गाविषयी सांगितले. तेथे काळ, प्रयोग, आर्टिकल असे सर्वच विषय वेगवेगळ्या तुकड्यांत शिकवले जातात, परंतु एक तुकडी केवळ क्रियाविशेषणांची असते: आठ रविवार, दर रविवारी सकाळी दोन तास, शुल्क 2,400 रुपये. एका शब्दजातीसाठी सोळा तास ही कल्पनाच मला आरंभी चैनीची वाटली होती. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहायच्या आहेत आणि शिकवणाऱ्या बाईंनाही जाहिरातीचा सोस नाही. ज्याला खरोखर हवे आहे त्याने राजारामपुरीतील शालेय साहित्याच्या दुकानांत चौकशी करावी, जिना दाखवणारे भेटतील.

वर्गात आम्ही चौतीस जण होतो. आखाती देशांत नोकरीसाठी जाऊ पाहणारी एक परिचारिका, चप्पल लाइनमधील दुकानातून ऑनलाइन विक्री करणारा एक तरुण, बँकेतील दोघे, बारावीची काही मुले आणि माझ्यासारखे कारखान्यातले कारकून अशी ही मिसळ होती. बाई माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेल्या असून त्यांचे इंग्रजी अत्यंत शुद्ध आणि मराठी अस्सल कोल्हापुरी आहे. "पाठ कराय नको, नुसतं ऐका," हे त्यांचे पहिले वाक्य होते, आणि क्रियाविशेषणांचे पाच प्रकार घोकून मोठा झालेला माझ्यासारखा माणूस ते ऐकून थोडा गोंधळला, हे मान्य केले पाहिजे.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर इंग्रजी अक्षरही काढले नाही. मराठीत दोन वाक्ये लिहिली: 'पोरगी चांगली दिसते' आणि 'पोरगी चांगली गाते'. मग विचारले, दोन्हींतला 'चांगली' हा शब्द एकच आहे का? सगळ्यांनी होकार दिला. 'पोरगी'च्या जागी 'पोरगा' घालायला सांगितले, तेव्हा दोन्ही ठिकाणी 'चांगला' झाले; 'पोरं' घातले, तेव्हा दोन्ही ठिकाणी 'चांगली' झाले. बाह्यरूपात काडीचाही फरक नाही. मग त्यांनी विचारले की चांगले काय आहे, पोरगी की गाणे? पहिल्या वाक्यात पोरगी, दुसऱ्यात गाणे, हे उत्तर सर्वांना आले, पण ते देताना वर्गात जी क्षणभर शांतता पसरली तिच्यातच त्या दोन तासांची सगळी कमाई होती. इंग्रजी माणूस पहिल्या ठिकाणी 'गुड' म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी 'वेल'. आपली भाषा गाण्याचा गुण गाणाऱ्याच्या अंगावर चढवते आणि त्याच्या लिंगवचनाप्रमाणे तो बदलते, म्हणून आपल्या तोंडून 'शी सिंग्ज गुड' निघते. हा अडाणीपणा मानण्याचे कारण नाही, तो मराठी व्याकरणाचा काटेकोर अनुवाद आहे.

मराठी व्याकरणाविषयी ज्यांना थोडे कुतूहल आहे त्यांना येथे एक गंमत जाणवेल. शब्दांच्या आठ जाती आपण शाळेत शिकतो ती मांडणी दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या 1836 च्या व्याकरणापासून रूढ झाली आणि ती इंग्रजी व्याकरणाच्या वळणावर बेतलेली होती. त्या मांडणीत क्रियाविशेषण हे अव्यय ठरले, म्हणजे लिंग, वचन, विभक्ती यांनी न बदलणारे. 'काल', 'इथे', 'पटकन', 'मुद्दाम' यांना हे नाव शोभते. परंतु 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' यातील शब्द नावाला अव्यय आणि वागण्याला विशेषण आहे. बाईंनी हे सांगितले तेव्हा बारावीतील एका मुलाने, मग परीक्षेत काय लिहायचे, असे विचारले. परीक्षेत पुस्तकातले लिही आणि बोलताना कानातले बोल, असे त्यांनी सांगितले. त्या मुलाचे समाधान झाले नाही, माझे झाले.

या एका भेदावर त्यांनी पुढचा रविवारही खर्च केला आणि तो योग्यच होता, कारण 'ली' लावायला शिकलेला मराठी माणूस लगेच दुसऱ्या टोकाला जातो. मी स्वतः सरावासाठी 'द कास्टिंग लुक्स बॅडली' असे लिहून दिले होते. बाईंनी ते फळ्यावर घेतले आणि विचारले, "तुमचं कास्टिंग बघायला बसलंय काय?" वाईट जे आहे ते पाहण्याच्या क्रियेत नसून नगात आहे, त्यामुळे तेथे 'बॅड' हेच विशेषण हवे. दिसणे, वास येणे, चव लागणे, वाटणे, ऐकू येणे या अर्थांच्या 'लुक', 'स्मेल', 'टेस्ट', 'फील', 'साउंड' या क्रियापदांपाशी ही चूक घडते. त्यावर त्यांनी दिलेली कसोटी मी आजही वापरतो: क्रियापदाच्या जागी 'आहे' घालून पाहावे. 'कास्टिंग वाईट आहे' हे वाक्य मूळ अर्थाला धरून राहते, म्हणून विशेषण. 'पोरगी चांगली आहे' म्हटले तर गाणे नाहीसे होते, म्हणून क्रियाविशेषण. व्याकरणाच्या ज्या काही इंग्रजी पुस्तकांशी माझा संबंध आला त्यांत हा नियम दोन ओळींत उरकलेला असतो, कारण ती ज्यांच्यासाठी लिहिली जातात त्यांच्या भाषेत ही अडचण या रूपात येतच नसावी.

'ली' या प्रत्ययाचा तिसरा रविवार मात्र चांगला सुरू होऊन फसला. बाईंनी सांगितले की ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून हा प्रत्यय आला त्याचा अर्थ देह किंवा रूप असा होता आणि 'लाइक' हा शब्दही त्याच कुळातला आहे. म्हणून 'फ्रेंडली' म्हणजे मित्राच्या रूपाचा. नामाला 'ली' लागला तर बहुधा विशेषण होते आणि विशेषणाला लागला तर क्रियाविशेषण, हे त्यामुळे तर्काने कळते आणि 'ही टॉक्ड फ्रेंडली' हे का चालत नाही तेही उमजते. 'डेली' दोन्हीकडे चालतो आणि 'फास्ट'ला 'ली' लागतच नाही, हे अपवादही आले. 'हार्ड' आणि 'हार्डली', 'लेट' आणि 'लेटली', 'नियर' आणि 'निअरली' या जोड्यांपाशी मी माझी ड्रॉइंगची गोष्ट सांगितली, तेव्हा बँकेतल्या एकाने आपल्या रजेच्या अर्जात उशिरा आल्याबद्दल 'आय केम लेटली' लिहिल्याची कबुली दिली. ट्रक 'लेट' येतो. 'लेटली' म्हणजे अलीकडे. एवढे सगळे झाल्यावर आम्हाला जी छापील पाने वाटली गेली त्यांत क्रियाविशेषणांच्या यादीत 'फ्रेंडली', 'लव्हली' आणि 'कॉवर्डली' हे तिन्ही शब्द दिमाखात बसलेले होते. बाईंनी फळ्यावर शिकवलेले त्यांच्याच वर्गाच्या कागदाने खोटे पाडले. विचारल्यावर कळले की पाने कार्यालयातून कुणीतरी जुन्या संचावरून झेरॉक्स केलेली आहेत. पुढच्या आठवड्यात दुरुस्त पाने मिळतील असे सांगण्यात आले. आठ रविवार संपले, ती पाने मिळाली नाहीत. 2,400 रुपये घेणाऱ्या वर्गाकडून चार शुद्ध पानांची अपेक्षा ठेवणे ही फार मोठी मागणी आहे असे मला वाटत नाही.

शब्दांच्या जागेवरचा भाग हा या वर्गाचा कळस म्हणावा असा होता. 'काल खासबागेत पैलवान जोरात लढला' हे वाक्य फळ्यावर आले (खासबाग म्हणजे आमचे कुस्तीचे मैदान). काळ, मग स्थळ, मग रीत आणि शेवटी क्रियापद. त्याखाली बाईंनी इंग्रजी वाक्य लिहिले, 'द रेसलर फॉट हार्ड ॲट खासबाग यस्टरडे', आणि आम्हाला ते शेवटाकडून मागे वाचायला लावले: काल, खासबागेत, जोरात, लढला. आरशात पाहावे तसे. क्रियापद आपल्याकडे शेवटी असते, त्यांच्याकडे कर्त्याच्या पाठोपाठ, आणि क्रियेच्या सर्वांत निकटची जी रीत ती दोन्ही भाषांत क्रियापदाला चिकटून राहते. स्थळ तिच्या पलीकडे, काळ त्याहून पलीकडे. त्या दिवसापासून ईमेल लिहिताना मी मराठी वाक्य मनात धरतो आणि शेपटाकडून सोडवत नेतो. हाच नियम कर्मालाही लागू पडतो: 'आय ड्रिंक ऑलवेज टी' असे म्हणता येत नाही, कारण इंग्रजी क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा कुणाला बसू देत नाही. नेहमी, कधीकधी, क्वचित असे सांगणारे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी, पण 'इज', 'वॉज' यांच्या नंतर बसतात, हे त्यानंतर दहा मिनिटांत झाले आणि तेवढे पुरेसे होते.

येथेही एक उणीव राहिली. जाणे-येणे दाखवणाऱ्या क्रियापदांपाशी इंग्रजीत स्थळ पुढे सरकते. 'शी वेंट होम क्वाएटली' यात 'होम' क्रियापदाला लागून आहे आणि रीत त्यानंतर आली आहे. सराव करताना त्या परिचारिकेने हेच बरोबर वाक्य लिहिले होते आणि वही तपासणाऱ्या मदतनीस मुलीने, रीत आधी हवी म्हणून, त्यावर लाल फुली मारली. परिचारिका बिचारी गप्प बसली. मी करवीर नगर वाचन मंदिरात बसून एका जाड व्याकरणात ते शोधले आणि पुढच्या रविवारी बाईंना दाखवले. त्यांनी वर्गासमोर चूक मान्य केली, हे त्यांच्या बाजूने लिहिलेच पाहिजे. परंतु चौतीस वह्या तपासायला एकच मदतनीस आणि तीही स्वतः पदवीच्या वर्गात शिकणारी, ही व्यवस्था बदलायला हवी.

पाचव्या रविवारचा विषय होता आपला 'च'. हा तास मी पैसे देऊन पुन्हा ऐकेन. कोल्हापुरात कुणालाही इंग्रजीत विचारा, आपण कुठले, तर उत्तर येते, 'आय ॲम फ्रॉम कोल्हापूर ओन्ली'. तो 'ओन्ली' म्हणजे 'मी कोल्हापूरचाच' यातला 'च' आहे, आणि आपल्यात तो सगळ्यांना कळतो. अडचण सीमेपलीकडे होते. 'आजच पाठवतो' या अर्थी मी कित्येक वेळा 'वुई विल डिस्पॅच टुडे ओन्ली' असे लिहिले आहे. कपड्यांच्या दुकानांवर सेलच्या पाटीखाली 'टुडे ओन्ली' लिहिलेले असते त्याचा अर्थ काय, असे बाईंनी विचारले, तेव्हा मला घाम फुटला. फक्त आजच, उद्या नाही. म्हणजे मी इतकी वर्षे ग्राहकांना, माल काय तो आज पाठवू, नंतर पाठवणार नाही, असे बजावत होतो.

मग त्यांनी तीन वाक्ये ठेवली. 'रामनेच मिसळ मागवली' याचे इंग्रजी 'ओन्ली राम ऑर्डर्ड मिसळ'. 'रामने मिसळच मागवली' याचे 'राम ऑर्डर्ड ओन्ली मिसळ'. येथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. फरक एवढाच की आपला 'च' ज्याच्यावर जोर द्यायचा त्याच्या मागे चिकटतो आणि त्यांचा 'ओन्ली' त्याच्या पुढे उभा राहतो. तिसरे वाक्य होते 'रामने मिसळ मागवलीच'. वर्गातील बहुतेकांनी 'राम ओन्ली ऑर्डर्ड मिसळ' असे लिहिले. त्याचा अर्थ मात्र, नुसती मागवली, खाल्ली नाही, असाही लागू शकतो. आणि मूळ मराठीत तर, नको नको म्हणत असताना अखेर मागवली, असा हट्ट आहे. त्या हट्टासाठी इंग्रजीला 'डिड ऑर्डर' असे क्रियापदच वाकवावे लागते. एका अक्षराचा आपला हा 'च' नाम, सर्वनाम, क्रियाविशेषण, क्रियापद कुणाच्याही मागे जाऊन बसतो, आणि प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत त्याच्यासाठी वेगळी सोय करावी लागते. हे सांगणारे इंग्रजी व्याकरण माझ्या पाहण्यात आलेले नाही.

'अजून' या शब्दाची वाटणी अशीच झाली. 'अजून पाऊस पडतोय' येथे 'स्टिल', 'अजून पाऊस पडला नाही' येथे 'येट', आणि 'अजून एक चहा' येथे 'अनदर' किंवा 'वन मोअर'. पैकी पहिल्या दोहोंत आम्ही रोज घोटाळा करतो. बाईंनी यात एक बारीक फरक दाखवला, जो मला फार उपयोगी पडला. 'माल अजून निघाला नाही' ही माहिती आहे आणि तेथे 'येट' पुरतो: 'द मटेरियल हॅज नॉट लेफ्ट येट'. 'माल अजूनही निघाला नाही' यात कपाळावर आठी आहे, आणि तेथे 'स्टिल' येतो: 'द मटेरियल स्टिल हॅज नॉट लेफ्ट'. आपल्या 'ही'ने जी आठी पडते ती इंग्रजीत शब्द बदलून पडते. आमच्या कार्यालयात ग्राहकाला विलंब कळवताना पहिले वाक्य हवे आणि वाहतूकदाराला जाब विचारताना दुसरे. आम्ही बरोबर उलटे करत होतो.

प्रमाण दाखवणाऱ्या शब्दांच्या तासाला अर्थातच 'लय' आला. 'लय तिखट हाय' हे वाक्य कोल्हापुरात तक्रार आहे की कौतुक, यावर वर्गात पंधरा मिनिटे वाद चालला आणि बाईंनी तो मुद्दाम चालू दिला. मिसळीच्या पहिल्या घासाला कौतुक, आणि पाहुण्याच्या पुढ्यातल्या ताटाबद्दल काळजी, असे शेवटी ठरले. इंग्रजीत पहिल्याला 'व्हेरी स्पायसी' म्हणावे लागते आणि दुसऱ्याला 'टू स्पायसी', कारण 'टू'मध्ये अतिरेक आणि त्यामुळे होणारी अडचण दोन्ही असतात. म्हणूनच बारावीच्या पेपरात 'टू' काढून वाक्य लिहायला सांगतात तेव्हा 'सो... दॅट' आणि पाठोपाठ 'कॅनॉट' येतो: इतके तिखट की खाता येत नाही. मुले हे रूपांतर वर्षानुवर्षे यांत्रिकपणे करत आली, त्यामागचा अर्थ मात्र बारावीच्या त्या मुलांपैकी एकालाही सांगता आला नाही. चपलांच्या दुकानातील तरुणाने त्या दिवशी आपल्या फोनवरील जाहिरात उघडून दाखवली. 'टू सॉफ्ट लेदर' असे त्यात लिहिले होते. कातडे नको तितके मऊ आहे, असे तो स्वतःच आपल्या मालाविषयी जगाला सांगत होता. त्याने तेथेच ते बदलले.

आपण शब्द दोनदा म्हणतो तो मुद्दाही येथे आला: हळूहळू, पटपट, मधूनमधून. 'हळू' आणि 'हळूहळू' हे एकच नाहीत, ही गोष्ट कोल्हापूरकरांना पुराने शिकवलेली आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीवर आल्यापासून 43 फुटांच्या धोका पातळीपर्यंत आपण फुटाफुटाने आकडे मोजत बसतो, आणि 2019 ला तर ते मोजणेही मागे पडले. ते पाणी 'हळूहळू' चढते. त्याचे इंग्रजी 'स्लोली स्लोली' नसून 'ग्रॅज्युअली' आहे, कारण सांगायचे असते ते पायरीपायरीने होणारी वाढ, वेग किती कमी आहे ते नव्हे. 'उगाच' या शब्दापाशी मात्र बाईंनी हात टेकले. प्रसंगानुसार 'फॉर नो रीझन' किंवा 'नीडलेसली' चालवावे, पण "उगाच आलो होतो" यातला जिव्हाळा त्यांत उतरत नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले.

उरलेल्या भागाविषयी एवढे भरभरून लिहिता येत नाही. 'नेव्हर', 'सेल्डम', 'हार्डली' वाक्याच्या आरंभी आले की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारते, 'नो सूनर'ला 'दॅन' लागतो आणि 'हार्डली'ला 'व्हेन', हे बोर्डाच्या पेपरातील हमखास प्रश्न म्हणून शिकवले गेले. उडी का मारते हे कुणी सांगितले नाही. सबंध वाक्याला लागू होणारी क्रियाविशेषणे, म्हणजे 'फॉर्च्युनेटली', 'फ्रँकली', 'अनफॉर्च्युनेटली' यांसारखी, ज्यांची व्यावसायिक पत्रात सर्वांत अधिक गरज असते, ती शेवटच्या रविवारी वीस मिनिटांत आटोपली. सुदैवाने माल सुखरूप पोहोचला, खेदाची गोष्ट म्हणजे नगात ब्लो होल (हवेची पोकळी) निघाले, खरे सांगायचे तर तारीख पाळता येणार नाही, ही आमच्या रोजच्या पत्रांची पहिली ओळ असते. या भागाला एक स्वतंत्र रविवार देऊन 'नो सूनर'ची वेळ कमी करता आली असती. सहावा रविवार तर आदल्या रात्री नऊ वाजता निरोप पाठवून रद्द केला गेला आणि तो भरून देण्यासाठी सातव्याला अर्धा तास वाढवला. दोन तासांची भरपाई अर्ध्या तासात होते हे गणित मला समजले नाही. वेळेच्या बाबतीत एकूणच सैलपणा आहे. साडेनऊचा वर्ग पावणेदहाच्या आधी कधी सुरू झाला नाही, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर 'पंक्चुअली' हा शब्द आधीच्या तुकडीने लिहून ठेवलेला तसाच होता. खोली रस्त्याच्या बाजूला आहे, खिडक्या बंद केल्या तर उकाडा आणि उघड्या ठेवल्या तर हॉर्न. मागच्या दोन रांगांना बाईंचा आवाज नीट पोहोचत नाही.

मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या इंग्रजीच्या ॲपशी या वर्गाची तुलना अनेक जण करतील, मीही केली. ॲप चूक दाखवते, पण ती चूक मी का केली हे ते सांगू शकत नाही, कारण त्याला 'च' आणि 'अजून' ठाऊक नसतात. ज्यांना रोज इंग्रजीत लिहावे लागते आणि लिहिताना मराठी मनात असते, त्यांच्यासाठी हा वर्ग पैसे वसूल करणारा आहे. स्पर्धा परीक्षेसाठी पर्याय निवडण्याचा सराव हवा असेल त्यांनी येथे येऊ नये, तशा प्रश्नसंचांना बाई हातही लावत नाहीत. ज्यांना फाडफाड बोलायला शिकायचे आहे त्यांचीही निराशा होईल, कारण सोळा तासांत (माझ्या हिशेबाने साडेचौदा) बोलण्याचा सराव एकदाच, तोही परिचारिकेच्या आग्रहावरून झाला. बारावीच्या मुलांनी यावे की नाही याविषयी माझे मत ठाम नाही. माझ्या मुलीला मी पाठवणार आहे, तिची तक्रार ऐकण्याची तयारी ठेवून.

पुढची तुकडी गणपतीनंतर सुरू होते असे कार्यालयात सांगितले. प्रवेश घेताना छापील पाने दुरुस्त झाली आहेत का ते उलटून पाहावे आणि त्यांत 'फ्रेंडली' कुठल्या यादीत आहे तेवढे तपासावे. बसायला पुढच्या तीन रांगांतील, खिडकीपासून दूरची खुर्ची धरावी, आणि आपली स्वतःची चार-पाच पाठवलेली ईमेल छापून सोबत न्यावीत, कारण बाई पुस्तकातील वाक्यांपेक्षा ती अधिक आवडीने फळ्यावर घेतात.